'कायम' की 'परत'? खरेदीखतातल्या एका शब्दाची किंमत

जमिनीच्या कागदातली चूक म्हटलं की आपल्याला आठवतं ते असं: गट नंबर ४५ ऐवजी ५४ पडला, आडनावातली वेलांटी चुकली, चतुःसीमेत पूर्वेचा शेजारी पश्चिमेला गेला. या चुका डोकेदुखी करतात, पण त्यांना औषध आहे. दोन्ही पक्ष दुय्यम निबंधकाकडे जाऊन चूकदुरुस्ती लेख नोंदवू शकतात. एक जण अडून बसला, तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम २६ आहे. दोघांच्याही मनात एक होतं आणि कागदावर दुसरंच उतरलं, किंवा कोणी फसवून तसं उतरवलं, हे सिद्ध झालं तर न्यायालय कागद दुरुस्त करून देतं.

आज बोलायचंय ते दुसऱ्या जातीच्या चुकीबद्दल. इथे शुद्धलेखन बिनचूक असतं, सह्या-अंगठे जागेवर असतात, नोंदणी झालेली असते. तरीही कागद एक सांगतो आणि व्यवहार दुसराच असतो. कर्ज घेतलेलं असतं आणि कागदावर विक्री असते. ग्रामीण कर्ज, जमिनीचे व्यवहार किंवा शेतीचं अर्थकारण यावर तुम्ही संशोधन करणार असाल, आणि त्यातही यवतमाळसारखा जिल्हा निवडणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कोरडवाहू कापूस-सोयाबीन, पेरणीच्या तोंडावर पैशाची निकड, बँकेत थकबाकी आणि मग सावकाराचं दार ही साखळी तिथे नवी नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होता. तेव्हापासून तिथे प्रश्नावल्या घेऊन जाणारे अभ्यासक कमी नाहीत. प्रश्न असा आहे की ते जो कागद वाचतात, तो नीट वाचला जातो का?

एक व्यवहार, तीन कागद

एक उदाहरण घेऊ. हे मी समजावण्यासाठी रचलेलं आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला मे महिन्यात दोन लाख रुपये हवेत. देणारा तयार आहे, पण त्याला जमीन लिहून हवी आहे. तोंडी ठरतं की तीन वर्षांत पैसे दिले तर वावर परत. आता हेच बोलणं कागदावर तीन प्रकारे उतरू शकतं.

पहिला प्रकार: खरेदीखतातच लिहिलं, "सदर रक्कम तीन वर्षांत परत केल्यास ही खरेदी रद्द समजावी, न केल्यास खरेदी कायम होईल."

दुसरा प्रकार: खरेदीखतातच लिहिलं, "लिहून देणार यांनी तीन वर्षांत दोन लाख रुपये किंमत दिल्यास लिहून घेणार हे सदर शेत त्यांना परत खरेदी करून देतील."

तिसरा प्रकार: खरेदीखत 'कायम खुश खरेदीखत' म्हणून झालं. "माझा अगर माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिला नाही" असं त्यात आलं. आणि त्याच दिवशी वेगळ्या स्टॅम्पपेपरवर दुसऱ्या प्रकारातलं वाक्य लिहिलं.

शेतकऱ्याला तिन्हींत एकच अर्थ ऐकू येतो: पैसे दिले की वावर माझं. कायद्याला मात्र तिन्हींत वेगवेगळं ऐकू येतं. पहिला कागद मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८(क) मधलं 'शर्ती विक्रीने गहाण' आहे, म्हणजे दिसायला विक्री, आतून गहाण. तिसरा प्रकार म्हणजे पक्की विक्री आणि तिच्या जोडीला परत खरेदीचा पर्याय. दुसरा मध्ये लोंबकळतो. तो गहाणही ठरू शकतो किंवा अट असलेली विक्रीही.

पहिल्यातला आणि दुसऱ्यातला फरक पुन्हा वाचा. पहिल्यात 'परत' हा शब्द रकमेला लागलाय, दुसऱ्यात खरेदीला. जी रक्कम 'परत' करायची असते, ती मुळात उसनी घेतलेली असते. म्हणजे पहिल्या कागदात कर्ज कबूल आहे. दुसऱ्यात रक्कम 'किंमत' झाली आणि शेतकरी कर्जदाराचा गिऱ्हाईक झाला.

फरक पडतो तो कुठे?

तीन ठिकाणी.

पहिलं, मुदत. गहाण असेल तर पैसे देऊन जमीन सोडवण्याचा हक्क कलम ६० खाली मिळतो, आणि त्यासाठी दावा लावायला मुदत कायद्यानुसार ३० वर्षं आहेत. कागदात 'तीन वर्षांत न दिल्यास खरेदी कायम' असं लिहिलेलं असलं, तरी तेवढ्याने हक्क संपत नाही. गहाण घेणाऱ्याला न्यायालयातून हुकूमनामा आणावा लागतो. परत खरेदीचा पर्याय असेल तर चित्र उलटं. फेडरल कोर्टाचा १९४९ चा षण्मुगम पिल्लै खटला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचा के. सिमरथमल खटला यांतून ठरलेलं तत्त्व असं की परत खरेदीचा पर्याय ही विकणाऱ्याला दिलेली सवलत आहे. ती ठरल्या तारखेला, ठरल्या अटींनीच वापरायची. एक दिवस चुकला तरी संपलं. साध्या जमीन-विक्रीच्या करारात वेळ हा सहसा कराराचा गाभा मानला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चांद राणी खटल्यात म्हटलंय. पण ती ढील पर्याय वापरणाऱ्याला मिळत नाही.

म्हणून आपल्या भाषेतले छोटे प्रत्यय इथे महाग पडतात. 'तीन वर्षांत', 'तीन वर्षांनी', 'तीन वर्षांपर्यंत', 'तीन वर्षांनंतर'. बोलताना आपण यातलं काहीही वापरतो आणि समोरचा समजून घेतो. कागदावर 'तीन वर्षांत' म्हणजे उद्याही पैसे देता येतील. 'तीन वर्षांनी' म्हणजे उद्या देता येणार नाहीत, आणि तिसऱ्या वर्षानंतर किती दिवस देता येतील हे कागद सांगतच नाही. लिहिणाऱ्याची लेखणी एका प्रत्ययाने घसरली की वाद उभा राहतो, आणि वादात जमीन ज्याच्या ताब्यात असते त्याला घाई नसते.

दुसरं, तिसरा माणूस. गहाण हा जमिनीतला हक्क आहे, जमीन ज्याच्याकडे जाईल त्याच्यामागे तो जातो. परत खरेदीचा करार हा जमिनीत हक्क निर्माण करत नाही. घेणाऱ्याने जमीन पुढे विकली आणि नव्या खरेदीदाराने पूर्ण किंमत देऊन, या कराराची माहिती नसताना, प्रामाणिकपणे ती घेतली, तर शेतकऱ्याच्या हातातला स्टॅम्पपेपर त्याच्याविरुद्ध चालत नाही.

तिसरं, पुरावा. नोंदलेल्या कागदातल्या अटींच्या विरुद्ध तोंडी पुरावा देता येत नाही, हा जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ चा नियम. आता तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ९५ मध्ये आहे. 'असं लिहिलंय, पण ठरलं होतं तसं' हे वाक्य गावात सगळ्यांना पटतं. न्यायालयात त्याला दार सहज उघडत नाही.

१९२९ चं परंतुक आणि 'निवड' करणारा शेतकरी

आता मूळ टीकेकडे येऊ. कलम ५८(क) ला १९२९ च्या दुरुस्तीने एक परंतुक जोडलं गेलं. परत देण्याची अट ज्या कागदाने विक्री होते त्याच कागदात नसेल, तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही, एवढंच ते सांगतं. म्हणजे आपला तिसरा प्रकार गहाण ठरण्याच्या शर्यतीतून आधीच बाद. हे जुनं झालं असं समजू नका. २०२३ मध्ये प्रकाश विरुद्ध जी. आराध्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून व्यवहार गहाण मानला नाही. अट वेगळ्या कागदावर होती.

परंतुकामागचा हेतू समजून घ्यायला हवा. भाव वाढले की जुने विकणारे 'ते तर गहाण होतं' म्हणत उभे राहू नयेत, आणि नोंदलेला कागद पाहून जमीन घेणाऱ्याला धक्का बसू नये, हा हेतू रास्तच आहे.

पण यावरचा सर्वात जास्त उद्धृत होणारा निकाल वाचा. पंडित चुनचुन झा विरुद्ध शेख इबादत अली, १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला, न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिलेला. खटला बिहारचा. कागद १५ एप्रिल १९३० चा, रक्कम ७०० रुपये. त्यातले ६३४ रुपये १० आणे जुनं देणं होतं, फक्त ६५ रुपये ६ आणे रोख हातात आले. ते पैसे विकणाऱ्यांनी घेतले कशासाठी, तर त्याच जमिनीचा धान्यातला खंड रोखीत बदलून घेण्याचं प्रकरण चालवायला. न्यायालयाने नेमकं तिथे बोट ठेवलं: जमीन कायमची विकणारा माणूस तिच्या खंडाचं प्रकरण कशाला लढेल? निकाल गहाणाच्या बाजूने गेला.

वाचनाचा हा नमुना म्हणून मला हा निकाल फार आवडतो. मथळा बाजूला ठेवून रकमेचा हिशोब तपासायचा आणि माणसाच्या वागण्यातून हेतू शोधायचा, हे कुठल्याही संशोधकाने शिकावं असं आहे.

पण याच निकालात एक गृहीतक आहे, आणि ते मला पटत नाही. तर्क असा चालतो: १९२९ नंतर लोकांना माहीत आहे की दोन कागद केले तर विक्री ठरते. तरीही जे दोन कागद करत नाहीत, त्यांना विक्री करायची नाही असं मानावं, विरुद्ध स्पष्ट शब्द नसतील तर. एका कागदाच्या बाबतीत हे शेतकऱ्याच्या फायद्याचं आहे. पण ते उलटं करून पाहा. ज्यांनी दोन कागद केले, त्यांनी विक्री 'निवडली'. कोणी निवडली? कागद किती करायचे हे दोन लाखांच्या निकडीत असलेला माणूस ठरवत नाही. अर्जनवीसाला कोण सांगतो, स्टॅम्प कोण आणतो, मसुदा कोणाच्या घरून येतो? पैसे देणाऱ्याला कायदा माहीत असतो आणि घेणाऱ्याला निकड माहीत असते. अशा वेळी कागदांच्या संख्येवरून हेतू काढणं म्हणजे एकाच पक्षाचा हेतू दोघांच्या नावावर लिहिणं.

पुढे भास्कर वामन जोशी विरुद्ध श्रीनारायण रामबिलास अग्रवाल या १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी सांगितलं की अट त्याच कागदात आहे म्हणून व्यवहार आपोआप गहाण ठरत नाही, कागदाचे शब्द आणि भोवतालची परिस्थिती पाहून ठरवायचं. तर्क म्हणून हे बरोबर आहे. पण दोन्ही नियम एकत्र ठेवून पाहा. दोन कागद असतील तर गहाण नक्की नाही. एक कागद असेल तर गहाण कदाचित. परिस्थिती तपासायची मुभा एकाच बाजूला आहे. दोन कागदांच्या प्रकरणात किंमत अर्धी असो, ताबा शेतकऱ्याकडेच राहिलेला असो, तोच शेतसारा भरत असो, या खुणांना परंतुकापुढे किंमत उरत नाही.

एक चोरवाट आहे. गंगाबाई विरुद्ध छबूबाई या १९८१ च्या निकालात २,००० रुपयांच्या कर्जापोटी खरेदीखत आणि भाडेचिठ्ठी एकाच दिवशी झाली होती. न्यायालय म्हणालं, कागदातल्या अटी बदलायला तोंडी पुरावा चालत नाही, पण हा कागद अमलात आणायचाच नव्हता, खरा करार वेगळाच होता, हे दाखवायला चालतो. म्हणजे दावा 'हे गहाण आहे' असा लिहिला तर परंतुक आडवं येतं, आणि 'हा कागद नावापुरता होता' असा लिहिला तर तोंडी पुराव्याला वाट मिळते. शेतकऱ्याचं नशीब आता खरेदीखताच्या शब्दांवरून वकिलाच्या दाव्यातल्या शब्दांवर आलं.

महाराष्ट्राला हे आधी कळलं होतं

कायद्याला कागदापलीकडे बघता येत नाही, असं नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून जे दंगे सुरू झाले, त्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. कागद हिसकावून जाळले गेले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात नंतर घातलेल्या कलम १०-अ ने न्यायालयाला मुभा दिली की शेतकरी पक्षकार असेल तर कागदात काहीही लिहिलेलं असो, व्यवहाराचं खरं स्वरूप तोंडी पुराव्यानेही तपासावं. यवतमाळ तेव्हा वऱ्हाडात, मुंबई इलाख्याबाहेर, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला हे संरक्षण नव्हतं. पुढे हा कायदाही गेला.

आज त्याच्या जवळ जाणारी तरतूद म्हणजे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ चं कलम १८. सावकाराकडे गेलेली जमीन कर्जाची तारण म्हणून गेली होती असं चौकशीत दिसलं, तर जिल्हा निबंधक (म्हणजे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक) ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. कागद एक की दोन, हा प्रश्न तिथे मुख्य नाही. पण त्यालाही मर्यादा आहेत. अर्ज ठरावीक वर्षांच्या आतल्या व्यवहाराबद्दलच हवा, आणि घेणारा सावकारीचा धंदा करतो हे दिसलं पाहिजे. नात्यातल्या किंवा गावातल्या माणसाने एकदाच दिलेलं कर्ज यात बसवणं अवघड जातं.

माझं म्हणणं एवढंच: एकाच जमिनीबद्दल, त्याच दोन पक्षांत, एकाच दिवशी झालेले दोन कागद न्यायालयाला एकत्र वाचता यावेत, इतकी दुरुस्ती परंतुकात व्हावी. तिसऱ्या खरेदीदाराची काळजी असेल तर नोंदणीच्या वेळी एक प्रश्न सक्तीचा करता येईल: 'या मिळकतीबाबत पक्षांमध्ये दुसरा कोणताही करार आहे काय?' खोटं उत्तर देणाऱ्यावर पुराव्याचा भार टाकावा.

तुमच्या माहितीसाठ्यात हे कसं येतं

विज्ञान शिकलेल्यांना मोजमापातल्या दोन चुका माहीत असतात. एक यादृच्छिक, कधी जास्त कधी कमी, नमुना मोठा घेतला की एकमेकींना कापते. दुसरी पद्धतशीर, तराजूचा काटाच सरकलेला. मग हजार वेळा मोजा, चूक तेवढीच राहते. गट नंबरमधला उलटा आकडा पहिल्या जातीचा. 'कायम' हा शब्द दुसऱ्या जातीचा, कारण तो नेहमी एकाच दिशेला ढकलतो, कर्जाकडून विक्रीकडे. नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक २ वरून तुम्ही तालुक्यातल्या विक्री मोजल्या, तर ही चूक तुमच्या आकड्यांत शिरते आणि नमुना वाढवून जात नाही. मग निष्कर्ष निघतो की जमिनीचा बाजार तेजीत आहे, शेतकरी शेती सोडून चाललेत, तारण-कर्ज कमी झालंय. यातलं काय खरं आणि काय अर्जनवीसाच्या शब्दातून आलेलं, हे वेगळं काढता येत नाही.

काढायचं असेल तर खुणा आहेत. सूचीत मोबदला आणि बाजारभाव शेजारी-शेजारी असतात, त्यांतली दरी पाहा. त्याच दोन नावांमध्ये काही वर्षांनी उलट दिशेचं खरेदीखत झालंय का ते शोधा. फेरफार खरेदीनंतर लगेच झाला की रेंगाळला, ते पाहा. आणि गावात जाऊन विचारा की वावर पेरतं कोण. यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. बाजारभावाखाली विकण्याला दुसरी कारणं असतात, आणि परत खरेदी ही खरीखुरी सौदेबाजीही असू शकते. पण तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर त्या नोंदीला 'विक्री' म्हणण्याआधी थांबा आणि तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवा.

मुलाखतीतही शब्द जपून वापरा. 'तुम्ही जमीन कधी विकली?' असं विचारलं की समोरचा कागदाची भाषा बोलायला लागतो, किंवा गप्प होतो. 'हे वावर कोणाकडे गेलं, किती पैशांत, आणि तेव्हा काय ठरलं होतं?' असं विचारा. उत्तर त्याच्या शब्दांत, प्रत्ययांसकट, जसंच्या तसं उतरवा. 'तीन सालात' म्हणाला तर 'तीन वर्षांनी' लिहू नका. ती दुरुस्ती तुम्ही केली, तर अर्जनवीसाने जे केलं तेच तुमच्या वहीतही होईल.